डोहातला मासा आणि काठावरची मोटार

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच यवतमाळ जिल्ह्यात दुसरा एक सण सुरू होतो. त्याला पंचांगात जागा नाही, फराळ नाही, आकाशकंदील नाही. आवाज मात्र भरपूर आहे. सोयाबीन घरात आलेले असते, कपाशीची वेचणी चाललेली असते आणि हरभरा नि गहू यांच्यासाठी रान तयार झालेले असते. अशा वेळी नदीनाल्यांच्या काठी मोटारी येऊ लागतात. कोणी बैलगाडीतून आणतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. काळा पाइप पाण्यात उतरतो, खांबावरून तार ओढली जाते, आणि मग फाल्गुनापर्यंत काठाकाठाने त्यांची घरघर चालू राहते.

यवतमाळहून नागपूरकडे निघाले की वाटेत कळंब लागते. बाहेरगावच्या मंडळींना हे तालुक्याचे गाव ठाऊक असते ते चिंतामणीमुळे. तिथला गणपती जमिनीच्या पातळीच्या बराच खाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. समोर कुंड आहे. काही वर्षांच्या अंतराने भूगर्भातले पाणी त्या कुंडातून वर चढते आणि गाभाऱ्यात येऊन देवाच्या पायांना लागते. लोक म्हणतात, गंगा आली. त्या वर्षी पंचक्रोशी दर्शनाला लोटते. कळंब म्हणजे कदंब, हे मराठीच्या माणसाने सांगायला नकोच. गावालगत चक्रवती नदी वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात वाहते, हिवाळ्यात रेंगाळते आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत बसून राहते. आमच्याकडच्या बहुतेक लहान नद्यांची हीच तऱ्हा.

पाणी येते तेव्हा आपण हात जोडतो. ते जाते तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जाते, हे पाहायला मात्र कोणी थांबत नाही. मोटारीच्या पाइपातून पाण्याबरोबर मासा जातो, एवढी साधी गोष्ट आहे. परंतु ती समजून घेतली तर फार लांबवर नेते.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला, ओढे-नाले गढूळ होऊन धावू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. वर म्हणजे कुठे? नाल्यात, तुंबलेल्या बांधीत, गवताने भरलेल्या उथळ डबक्यात, जिथे पाणी कोमट आहे आणि पिलांना खायला बारीक जीवजंतू आहेत अशा जागी. तिथे अंडी घातली जातात. मरळ तर मोठा संसारी मासा. तिची पिले लालसर रंगाची असतात, ती एका गोळ्याने पाण्याच्या पृष्ठाशी हिंडतात, आणि खाली आईबाप राखण करीत असतात. पाऊस ओसरला, नाले आटू लागले, की हा सारा कबिला पुन्हा नदीत उतरतो. म्हणजे आश्विन-कार्तिकात नदीचे पाणी जेव्हा नितळ होते, तेव्हा काठाच्या उथळ पाण्यात त्या वर्षीची पिढी असते. बोटाच्या पेराएवढी, फार तर बोटाएवढी.

आणि नेमक्या त्याच काठाला, त्याच उथळ पाण्यात, त्याच महिन्यांत मोटारीचे तोंड येऊन बसते. कोणी ठरवून केले असते तरी इतके अचूक जमले नसते!

मोटारीच्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते. पाइपातले पाणी परत खाली पडू नये म्हणून ती लागते. कंपनीवाले तिला फूट-व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या शेतकऱ्याने त्याचे 'फुटबॉल' करून टाकले आहे आणि आता दुकानदारही बिनदिक्कत "किती इंची फुटबॉल देऊ?" म्हणून विचारतो. शब्द कसे रुळतात याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही. या फुटबॉलला खाली भोके असतात. ती काडीकचरा अडवण्यापुरती. पेराएवढा मासा त्यातून सहज आत जातो.

आत काय होते ते पाहण्याआधी बाहेर काय होते ते पाहू. पाच अश्वशक्तीची मोटार बेताच्या चढावर सेकंदाला दहा ते पंधरा लिटर पाणी उचलते. एवढे पाणी तीन इंची पाइपात शिरायचे म्हणजे तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला दोन ते तीन मीटर हवा. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी सुसाट निघते, ते आपण पाहिलेच आहे. तोंड लहान, म्हणून वेग मोठा. दोन सेंटिमीटरचे पिलू जिवाच्या आकांताने पोहले तरी सेकंदाला आपल्या अंगाच्या काही पट एवढेच, तेही क्षणभर. तीन मीटरच्या ओढीपुढे त्याचे काय चालणार? पाइपाच्या जवळून जाणारे पिलू ओढले जाते. आत पंख्याचा फटका आहे. त्यातून वाचले तर आधी पोकळीची ओढ आणि लगेच दाबाचा तडाखा आहे. माशाच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. ती हे सोसत नाही. यातूनही एखादे जिवंत निघालेच, तर ते हरभऱ्याच्या सरीत जाऊन पडते. मासा अंगाने थोडा मोठा असेल तर तो आत जात नाही, पण ओढीने फुटबॉलच्या भोकांना चिकटून बसतो आणि तिथेच गुदमरतो.

त्यात विजेची वेळ. शेतीची वीज बरेचदा रात्रीच्या पाळीत येते. काठावर रात्री कोण जाऊन बसणार? राळेगाव-पांढरकवड्याच्या बाजूला २०१८ पर्यंत एका वाघिणीची केवढी दहशत होती, ते वाचकांना आठवत असेल. रानडुकरे आहेत, साप आहेत. म्हणून मोटारीला आपोआप चालू होणारे बटण बसवतात. वीज आली की मोटार सुरू, गेली की बंद. नदीतल्या पुष्कळ माशांची पिले प्रवाहाबरोबर सरकतात तीही अंधारातच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्य सरकारने मोफत केली आहे. शेतकऱ्याला तो दिलासा आहेच, आणि तो मिळायला हवाच होता. फक्त मोटार बंद करण्याचे एक कारण त्यामुळे कमी झाले, हेही खरे.

इथे कोणी डोळे वटारून विचारील की, अहो, ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तिथे तुम्ही माशांची कसली काळजी करता? प्रश्न रास्त आहे. कळंबकडच्या एका शेतकऱ्याने तो मला याहून नेमक्या शब्दांत विचारला होता. नदीकाठी त्याची मोटार होती आणि तो बसून तिचा फुटबॉल साफ करीत होता. "सर, मासा मेला त वाईट वाटतेच बाप्पा. पण मासा अडकून मोटार बंद पडली त जास्त वाईट वाटते. रातभर पानी नाई, अन् सकाळी लाइन गेलेली." मग त्याने तुषार सिंचनाची एक तोटी काढून दाखवली. तोटीच्या बारीक भोकात शंख, शेवाळ आणि एका लहान माशाचा सांगाडा असे सगळे मिळून बसले होते. ती भोके तो दर दोन-चार दिवसांनी तारेने कोरतो.

म्हणजे भांडण मासा विरुद्ध शेतकरी असे नाहीच मुळी. दोघांनाही तो मासा पाइपात नको आहे!

नावांचा संसार

हा मासा कोण, हे आता सांगितले पाहिजे; कारण शहरी मंडळींच्या मनात नदीचा मासा म्हटला की रोहू येतो. रोहू नि मृगळ ही मुळात गंगेकडची मंडळी. धरणांत नि तळ्यांत त्यांचे बीज सोडले जाते, वाढवले जाते, विकले जाते. तिलापिया तर १९५२ साली परदेशातून आणलेला. त्यांची काळजी घ्यायला खाते आहे, सोसायट्या आहेत, ठेके आहेत. आपल्या नद्यांचे मूळ रहिवासी वेगळेच आहेत: मरळ, वाम, शिंगाळा, घोगऱ्या, खडकाळ पाण्यातला महसीर, आणि चांदीच्या चिपेसारखी ती बारकी मासळी, जिला गावागणिक निराळे नाव. त्यांचे बीज कोणी सोडत नाही. ते आपले आपण जन्मतात. म्हणूनच एका हिवाळ्यात पिढी गेली की ती गेली. सरकारी गाडी दुसरी आणून ओतत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेट हा आपला राज्यमासा ठरवला. उत्तम झाले. पण पापलेट समुद्राचा. विदर्भ-मराठवाड्याच्या गोड्या पाण्याचा वकील अजून कोणी नाही.

एके काळी एक इंग्रज होता. लष्करातला हा अधिकारी, नाव विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारने त्याला १८२४ साली दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. पिके, जमिनी, माणसे मोजता मोजता त्याने नद्यांतले मासेही पाहिले, त्यांची चित्रे काढवून घेतली आणि 'दख्खनचे मासे' या विषयावरचा निबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाकडून प्रसिद्ध केला. त्याने एक फार सुंदर गोष्ट केली. नव्या माशांना लॅटिन नावे देताना त्याने काठावरच्या कोळ्या-भोयांनी सांगितलेली मराठी नावेच पुष्कळदा उचलली. त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात शिंगाळ्याला 'स्पेराटा सीनघाला' म्हणतात, घोगऱ्याला 'रिटा गोग्रा' म्हणतात. नाकावर खाच असलेल्या एका माशाचे शास्त्रीय नाव 'नुक्टा' असे संपते. तो आपला 'नकटा'! दुसऱ्या एकाचे नाव 'पोटेल'. त्या काळचे इंग्रज पाटलाला पोटेलच लिहीत, तेव्हा या माशाला पाटीलकी मिळालेली दिसते. 'खुदरी', 'मुसळा', 'कोळस', 'अळकुट' ही सारी अशीच लॅटिन पोशाख चढवून ग्रंथांत जाऊन बसली आहेत.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला याची मौज वाटते आणि थोडी धास्तीही. शब्दकोशात नकटा म्हणजे नाक कापलेला, इतकेच सापडते. ज्याने तो मासा हातात धरला त्याचा नातू आता नागपुरात नाहीतर पुण्यात नोकरीला. मासा डोहातून गेला तर शब्द लॅटिनपुरता उरेल, आणि लॅटिन आपल्याकडे कोणी बोलत नाही.

आपल्या लोकांना मासे कळत नव्हते असे मात्र नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' आहे. कोणता मासा कुठे राहतो, कसला दिसतो, त्याला कोणते आमिष लावावे, हे त्यात नावानिशी सांगितले आहे. आणि मनूची गोष्ट तर याहून कितीतरी जुनी. हात धुताना ओंजळीत आलेला चिमुकला मासा मनूला म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे मला खातील. मनू त्याला आधी भांड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि वाढल्यावर समुद्रात सोडतो. त्या माशाने जन्मभराचे आश्रयस्थान मागितले नव्हते. वाढेपर्यंतचा वेळ तेवढा मागितला होता.

कालव्याचे जुने दुखणे

पाणी वळवले की मासे मरतात, ही आजची ओरड नाही. फ्रान्सिस डे नावाचा मद्रासकडचा लष्करी डॉक्टर पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा प्रमुख निरीक्षक झाला. १८७३ साली त्याने सरकारला गोड्या पाण्यातल्या माशांवर एक लांबलचक अहवाल दिला. त्या वेळी देशभर बंधारे आणि कालवे बांधण्याची धामधूम होती. डे म्हणत होता की बंधाऱ्यांनी माशांची चढण अडते, आणि कालव्यात शिरलेले मासे कालवा कोरडा केला की मरून जातात. बंधाऱ्याला माशांसाठी वाट ठेवा, कालव्याच्या तोंडाला गज लावा, असे उपाय त्याने दीडशे वर्षांपूर्वी मांडले. पाटबंधारे खात्याच्या इंजिनियरांना त्यात विशेष गोडी वाटली नाही.

पुढे १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला; महाराष्ट्राने आपला वेगळा कायदा १९६० साली केला. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारायला बंदी झाली, ती योग्यच. १८९७ च्या कायद्यात जमिनीत रोवून ठेवलेल्या सापळ्यांवर नियम करण्याची सोय होती. पण सापळा म्हणजे काय? मासे पकडण्यासाठी लावलेले जाळे, पिंजरा किंवा तसले साधन. मोटार मासे पकडण्यासाठी लावलेली नसते. ती पकडते, पण तिचा तो हेतू नसतो! म्हणून भोयाचे जाळे कायद्याच्या नजरेत आले, मोटार नाही.

कळंब तालुक्याला याच जुन्या दुखण्याचे नवे रूप बघायला मिळते ते बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यावर. बाभूळगाव तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झाले आणि त्याचे पाणी कालव्याने बाभूळगाव, कळंब, राळेगाव या भागांत येते. आवर्तन सुटले की पाण्याबरोबर जलाशयातले मासेही कालव्यात उतरतात. आवर्तन थांबले की ते खळग्याखळग्यांत अडकतात. पोरे टोपल्या घेऊन उतरतात, बगळे येतात, चार दिवस चंगळ होते. पाचव्या दिवशी दुर्गंधी. हे मासे परत नदीत जाऊ शकत नाहीत, कारण कालवा ही एकेरी वाट आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्याची त्या मानाने तारीफ केली पाहिजे. पावसाळ्यात त्याचे बरगे काढून ठेवतात आणि पूर मोकळा वाहू देतात. हेतू गाळ वाहून जाण्याचा आणि बंधारा टिकवण्याचा. पण माशांना ऐन विणीच्या दिवसांत वाट मिळते. नकळत घडलेले पुण्य म्हणा हवे तर.

कापसाच्या दुसऱ्या मुलखात

जगात हा प्रश्न सर्वांत गंभीरपणे कोणी घेतला असेल तर तो दूरच्या ऑस्ट्रेलियाने. आणि गंमत पाहा, तिथेही तो कापसाच्याच मुलखात आला. मरे आणि डार्लिंग या नद्यांचे खोरे म्हणजे त्या देशाचा शेतीचा कणा. गोरी माणसे येण्यापूर्वी तिथे जेवढी देशी मासळी होती, तिच्या जेमतेम दहा टक्के उरली आहे, असा अंदाज त्यांनी २००३ साली देशी माशांसाठी जे धोरण ठरवले त्यात मांडला. कारणे पुष्कळ: धरणे, परदेशी कार्प मासे, धरणातून सोडलेले थंडगार पाणी. त्यांत पंपही. तिथल्या मरे कॉड या थोरल्या माशाची नवजात पिले प्रवाहाबरोबर वाहत खाली जातात. वाटेत पंपाचे तोंड आले की संपलीच.

त्यांनी काय केले? पंप बंद केले नाहीत. पंपांच्या तोंडाला बारीक चाळण्या बसवायला सुरुवात केली. चाळणी म्हणजे नुसती जाळी नव्हे. जाळी बारीक केली आणि तोंड तेवढेच ठेवले तर ओढ तशीच राहते, आणि मासा आत जाण्याऐवजी जाळीवर चिकटून मरतो. खरी युक्ती जाळीच्या आकारात आहे. तोंड इतके मोठे करायचे की जाळीजवळ पाण्याची ओढ सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपासच राहावी. तेवढ्या ओढीतून पिलूसुद्धा शेपटी मारून निसटते. पाणी तितकेच येते, फक्त हळू आणि पसरून येते. मोठ्या चाळण्या गोल फिरतात आणि ब्रशाने आपल्या आपण घासल्या जातात. मॅक्वारी नदीवर ट्रॅन्जी गावाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या पाणी संस्थेने या दशकात आपल्या पंपांपुढे अशा चाळण्या बसवून घेतल्या. सरकारने पैसे दिले, हे खरे. पण शेतकऱ्यांना पटले ते माशांच्या करुणेने नव्हे. पंपात कचरा येईना, ठिबकच्या नळ्या तुंबेनात, म्हणून पटले. करुणा मागाहून आली असेल, तीही चांगलीच.

अमेरिकेत याहून वेगळा मासला आहे. कॅलिफोर्नियात ट्रेसी येथे मोठ्या कालव्याचे पाणी उपसणारे पंप आहेत. तिथे १९५० च्या दशकापासून पंपांच्या आधी मासे अडवून टाक्यांत गोळा करतात, ट्रकमध्ये भरतात आणि दूर नेऊन परत पाण्यात सोडतात. माशांना ट्रकने माहेरी पोचवण्याचा हा उद्योग मला आवडतो, पण आपल्याला तो परवडायचा नाही.

आपल्याला काय परवडेल? पुन्हा आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीकडे येऊ. तिला सेकंदाला पंधरा लिटर पाणी हवे आणि ओढ दहा सेंटिमीटरच्या वर जायला नको, तर जाळीचे क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटर पुरते. वहीच्या अडीच-तीन पानांएवढे. लोखंडी सळ्यांचा एक गोल पिंजरा करावा, तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच; त्याला भोवती तीनेक मिलिमीटरच्या भोकांची न गंजणारी जाळी बांधावी, तळ आणि माथा बंद करावा, आणि फुटबॉल त्याच्या मधोमध ठेवावा. एवढ्या पिंजऱ्याच्या नुसत्या बाजूचेच क्षेत्र पावणेचार हजार चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे शेवाळाने नि पळसाच्या पानांनी निम्मी जाळी अडली तरी हिशेब चुकत नाही. यात एकही भाग हलणारा नाही. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या कुठल्याही दुकानात हा पिंजरा होऊ शकतो. कोंबड्या झाकायचे डालगे ज्याला ठाऊक आहे, त्याला आकार समजावून सांगायला नको.

तीन मिलिमीटरच्या जाळीतून अंडी आणि नुकते जन्मलेले जीव जातील, अशी शंका येईल. जातील. पण आपल्या पावसाळ्याने इथे आपली बाजू सांभाळली आहे. अंडी आषाढ-श्रावणातली, तेव्हा आभाळच पाणी देत असते आणि मोटारी घरी असतात. मोटार उतरते त्या वेळी पिले पेराएवढी झालेली असतात. ऑस्ट्रेलियाला जी अडचण फार भारी पडते, ती आपल्याला पुष्कळ हलकी आहे.

खरी अडचण साफसफाईची. जाळी बारीक म्हणजे ती तुंबणार, आणि थंडीच्या दिवसांत कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती घासायला कोणाला हौस असते? म्हणून पिंजरा मोठा करायचा, तळापासून हातभर वर दगडावर ठेवायचा, आणि काठाच्या अगदी कडेला, पिले राहतात त्या गवतात तर मुळीच ठेवायचा नाही. दोराने ओढून वर घेता आला पाहिजे. शेतकऱ्याने रोज मासे वाचवावेत अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. त्याने आठवड्यातून एकदा पिंजरा ओढून झाडूने झाडला तर बस झाले. आज तो फुटबॉल त्याहून अधिक वेळा साफ करतोच.

आणि ही जाळी शेतकऱ्यानेच का विकत घ्यावी? २०२४ पासून राज्यात 'मागेल त्याला सौर कृषिपंप' अशी योजना आहे. सूर्य आहे तोवर चालणारा पंप, त्याचे पत्रे, त्याचा सांगाडा असे सारे सरकारी मदतीने येते. जो पंप नदीत, नाल्यात किंवा तळ्यात बसणार, त्याच्या सामानात ही चाळणी घालायला कितीसा खर्च वाढेल? पत्र्यांच्या किमतीपुढे ती किंमत दिसायचीसुद्धा नाही. मोठ्या कारखान्यांच्या नि वीजकेंद्रांच्या पाणी घेण्याच्या तोंडाला जाळ्या असतात. त्या यंत्राला माशांपासून वाचवायला. तीच जाळी थोडी रुंद आणि ओढ थोडी मंद केली की ती माशालाही यंत्रापासून वाचवते.

शेवटचे पाणी

चाळणीने हिवाळ्याचा प्रश्न सुटेल. उन्हाळ्याचा सुटणार नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोठा आहे.

फाल्गुन उलटला की नदीची धार तुटते. मग उरतात डोह. साऱ्या नदीचे मासे त्या चार-दोन डोहांत गोळा होतात. पुढच्या पावसात चढणीला लागून अंडी घालणारी जोडपी ती हीच. नदीचे बियाणेच म्हणा. आणि याच वेळी काठावर संत्र्याची झाडे नाहीतर उन्हाळी भुईमूग तहानेलेला असतो. पाण्याची पातळी जशी खाली जाते, तसा पाइप पुढे पुढे सरकतो. शेवटी डोहाच्या तळाशी चिखल उरतो. मरळ हवा घेऊन काही काळ तग धरते, वाम चिखलात तोंड खुपसते. पण चिखलही वाळतो. अशा डोहाला पुढच्या पावसात पाणी येईल, मासे कुठून येणार? खाली बंधारा असला तर खालूनही येणार नाहीत.

काठच्या एका भोई म्हाताऱ्याने मला हे दोन वाक्यांत सांगितले. "मोटारी नवत्या तवा पान्याले भोकच नवतं, भाऊ. डोह आटे, पण तो उन्हानं आटे. ऊन कधी पार तळ नाई चाटत."

डोह राखण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी पकडत नाही. लोक वरून लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे पृष्ठावर येतात. वाड्याकडे वैतरणेवर तिळसे येथे महादेवाच्या पायाशी तसाच डोह आहे. कोकणातल्या नदीला जे जमले ते वऱ्हाडातल्या नदीला का जमू नये? जिथे कुंडात पाणी चढले म्हणून गाव लोटते, तिथे नदीच्या एका डोहात कंबरभर पाणी देवाच्या नावाने राखायला लोक नाही म्हणतील असे मला वाटत नाही. सगळे डोह नकोत, शिवारागणिक एक पुरे. त्यात खांब रोवून एक खूण करावी, आणि पाणी खुणेला टेकले की त्या डोहातल्या मोटारी उठाव्यात. ज्यांच्या मोटारी उठतील त्यांना कालव्याचे आवर्तन आधी मिळावे, एवढा न्याय मात्र हवा. नाहीतर देवाच्या नावाने गरिबाचेच पीक वाळायचे.

माशांच्या बाबतीत लोकांनी मनावर घेतले की काय होते, ते आपल्याच विदर्भात दिसले आहे. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी, आणि त्यांतल्या बायकांनी पुढाकार घेऊन, बेशरमाची झुडपे उपटली आणि पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. जिथे बाहेरून आणलेल्या बियाण्यावर भिस्त होती, तिथे देशी मासळी परतली आणि जाळ्यात निराळी निराळी नावे पुन्हा दिसू लागली. त्यांचे तलाव आणि आमच्या नद्या यांत फरक आहे. तलाव संस्थेकडे असतो, नदी कोणाचीच नसते. आणि जे कोणाचेच नसते त्याच्या शेवटच्या हंडाभर पाण्याला सगळेच मालक असतात.

कळंबकडचा तो शेतकरी या वर्षी पिंजरा करून पाहणार आहे. माशांसाठी नव्हे, तोट्या कोराव्या लागू नयेत म्हणून, हे त्याने मला पुन्हा पुन्हा बजावले. त्याने माप लिहून घेतले, जाळीचा नमुना खिशात घातला आणि जाता जाता विचारले, "सर, भोकं तीन मिलिमीटरचीच कराची ना? का बापा, वामचं पिलू लय बारीक रायते." त्याला मी म्हटले की मग अडीच कर.